पोळ्याचं आवतन

आमच्या घरी चोरी होण्याच्या आधीच चोरांचा स्वयंपाक व्हायचा. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, माझ्या नातवाला तर ही गोष्ट सांगितली तेव्हा तो खो खो हसला होता. पण यात थट्टा काही नाही. बाबा नागपूरच्या एका पोलीस ठाण्यात हवालदार होते. ठाण्याच्या मागेच पोलीस लाइन होती. लाइनीत आमच्या दोन खोल्या, पुढे वरांडा, वरांड्यासमोर कडुनिंब आणि सगळ्या लाइनीला मिळून एकच नळ. ठाण्याच्या कोठडीत जे कोणी बंद असतील त्यांचं जेवण आई करायची. त्याचा सरकारी भत्ता मिळायचा. एरवी एकदोघांचा स्वयंपाक असायचा, कधी कोणीच नसायचं. आईनं त्या जेवणात कधी डावं-उजवं केलं नाही. आम्हाला जी तुरीची डाळ, तीच कोठडीत. आम्हाला ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, तर तिथंही तेच. शेजारच्या ठाण्यात म्हणे पाण्यासारखं वरण द्यायचे. त्यामुळे लाइनीत आईचं फार नाव होतं, आणि आम्हा भावंडांना तिच्या चांगुलपणाची फुशारकी होती. आमचं घर चांगलं आहे, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तपासून पाहावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

वर्षातून एकदा मात्र चुलीवर मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढायचं, आणि तो दिवस ठरलेला होता. पोळ्याचा आदला दिवस. आम्ही मूळचे नरखेडकडचे, काकांकडे तिथं अजून बैलजोडी होती. त्या दिवशी गावात बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर जू ओढणाऱ्या जनावराला माणसानं दिलेलं आमंत्रण. ठाण्यातले शिपाई बहुतेक आमच्यासारखेच खेड्यांतून आलेले. त्या दुपारी ते गाडी घेऊन रेल्वेरुळापलीकडच्या पारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे त्यांच्या वस्तीकडे, निघाले की हसत म्हणायचे, "चला, आवतन देऊन येऊ." बेड्यावरचे सगळे धडधाकट पुरुष गाडीत घालून आणायचे आणि पोळा, तान्हा पोळा, मारबत सगळं पार पडेपर्यंत कोठडीत ठेवायचे. कोणाची तक्रार लागत नसे. सणाला लोक घरं बंद करून बाहेर पडतात, म्हणजे चोऱ्या होणार, आणि चोऱ्या होणार म्हणजे पारधीच करणार, एवढा सरळ हिशोब होता. इंग्रजांनी कायदाच करून ठेवला होता की ही जमात जन्मानंच चोर. इंग्रज गेले, तो कायदाही गेला, पण ठाण्याच्या अंगवळणी पडलेलं कसं जाणार? ठाण्यात या लोकांना 'पोळ्याचे पाहुणे' म्हणत.

त्या दिवशी जेवायला आलेल्या बाबांना आई विचारायची, "अवो, यंदा किती येतीन?" बाबा भाकर मोडता मोडता अंदाज सांगायचे, आणि त्या बेतानं आई डाळ भिजू घालायची. ज्यांच्यासाठी ती डाळ फुगत असायची ते लोक त्या वेळी आपापल्या कामावर असायचे. कोणी हमालीला, कोणी बांधकामावर. आज मागं वळून पाहताना मला कोठडी, कुलूप, काठ्या यांपेक्षा त्या भिजणाऱ्या डाळीचीच जास्त लाज वाटते. आणि दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या दिवशी, आई त्यांच्यासाठी चक्क पुरणपोळ्या करायची. वर कढी, वडे. "सणाचं कोणी उपाशी राहू नये," म्हणायची. मी आणि माझा भाऊ कढीची बादली दोन बाजूंनी धरून ठाण्यात न्यायचो. मला तो दिवस फार आवडायचा.

हिरामण त्या पाहुण्यांतलाच एक. उंच, किडकिडीत, हात मात्र लाकूड फोडून फोडून दगडासारखे झालेले. तो एका जळाऊ लाकडांच्या टालावर कामाला होता. गजांपलीकडून द्रोण पुढे करत म्हणायचा, "बाईनं कढीत मेथीची फोडणी देल्ली वाटते आज. सांगजो, लय झकास झाली." मी हट्ट केला की तो ओठांवर दोन बोटं ठेवून तितराचा आवाज काढायचा, इतका हुबेहूब की एकदा ठाण्याच्या आवारातलं कुत्रं कान टवकारून तितर शोधत फिरलं. दरवर्षी सुटून गेल्यावर त्याचं काम गेलेलं असायचं, कारण ऐन सणात तीन दिवस दांडी मारणाऱ्याला टालवाला कशाला ठेवतो? मग पुन्हा कोणाच्या तरी हातापाया पडून तो दुसऱ्या टालावर लागायचा. हे त्यानंच एकदा आईला सांगितलं होतं. आई हळहळली होती आणि तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली होती.

मी तेव्हा सातवीत असेन. त्या वर्षी ठाण्यावर नवे फौजदार आले होते. कोकणच्या बाजूचे, तरुण, बोलणं पुस्तकी. शिपाई मागे त्यांची नक्कल करायचे. पोळ्याच्या आधी त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की यंदा कोणालाही नुसती जात बघून उचलायचं नाही. आधी गुन्हा, मग पुरावा, मग माणूस. बाबा घरी येऊन म्हणाले, "साहेब म्हणून राहिला ते खोटं नाई. पण सायबाले नागपूर ठाऊक नाई." आईनं विचारलं, "म्हणजे यंदा कोणी येनार नाई?" बाबांनी मान हलवली. तरी आईनं डाळ भिजवली ती नेहमीएवढीच. सवयीनं हात गेला, म्हणाली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी गंमतच झाली. म्हणजे तेव्हा सगळ्यांनी तिला गंमत म्हटलं. बेड्यावरचे पुरुष आपापल्या पायांनी ठाण्यात आले, खांद्यावर घोंगड्या घेऊन, आणि आवारातल्या कडुनिंबाखाली रांगेत बसले. आदल्या दिवशी दुपारपासून ते पोलिसांची वाट पाहत होते. गाडी आली नाही, तसे घाबरले. मी आणि माझा भाऊ कुंपणाशी उभे राहून पाहत होतो. फौजदारसाहेब बाहेर आले आणि चांगल्या मनानं म्हणाले, "तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही. तुमच्यावर काही आरोप नाही. घरी जा, सण करा." कोणी उठेना. मग हिरामण हात जोडून उभा राहिला.

"साहेब, आमाले आत घ्या."

"अरे पण का? काय केलंयस तू?"

"काईच नाई केलं. म्हनूनच म्हनतो. आज रातीले कुठी चोरी झाली त उद्या आमालेच धरतीन. आमी कुठी होतो, हे कोण सांगन? आमच्या बायका? त्यायचं कोण आयकते? आत असलो त कुलपाची त साक्ष रायते."

साहेबांचा चेहरा उतरला. चुकीचं काही त्यांनी केलं नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. निरपराध माणसाला तो स्वतः म्हणतो म्हणून कोठडीत घालणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी पुन्हा समजूत घातली, माझ्यावर विश्वास ठेवा म्हणाले. शेवटी शिपायांनी त्या लोकांना हाताला धरून उठवलं. "चाला बे, यंदा आवतन नाई तुमाले," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आम्हीही हसलो.

दिवेलागणीला हिरामण आमच्या वरांड्यापुढे येऊन उभा राहिला. बाबा बंदोबस्तावर गेले होते. पुढल्या मैदानात सजवलेले बैल फिरवत होते, घुंगरांचा आणि ढोलाचा आवाज लाइनीपर्यंत येत होता. तो पायरीच्या खालीच थांबला. "बाई," तो म्हणाला, "आजची रात मले या वऱ्हांड्यात झोपू द्या. आत येत नाई. घोंगडं हाय माह्याजवळ. हवालदारच्या दारात झोपला होता म्हटलं त कोणी काई करत नाई. यंदा टालवाला चांगला भेटला, बाई. पोळ्याची सुट्टी धरली नाई त बारा महिने ठेवतो म्हनला."

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. तिचा चेहरा मला आजही दिसतो. तिला वाईट वाटत होतं, खोटं नाही. पण तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पोरी, नळावरचे भांडे आत आन वं." मी गेले. नळाजवळ घासून पालथी घातलेली भांडी होती. गुंड, बादली, परात, लोटे. एकेक करून मी ती आत आणत राहिले, आणि प्रत्येक फेरीला मला त्याच्या समोरून जावं लागत होतं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता. शेवटचा लोटा आत गेल्यावर आई म्हणाली, "हिरामण, मले काई नाई रे. पण लाइनीतले काय म्हनतीन? अन् हेही घरी नाई."

"बरं बाई," तो म्हणाला.

मग आईला अपराध्यासारखं झालं असावं, कारण ती धावत आत गेली. पोळ्या उरल्याच होत्या, नेहमीएवढ्या लोकांच्या केलेल्या आणि खायला कोणी नाही. तिनं पितळी डबा काढला, त्यात पोळ्या भरल्या, वर तूप सोडलं. "लेकरायले ने," म्हणाली, "डबा मंग आनून देजो." आमच्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं. सामाईक नळावर भांडी बदलतात म्हणून लाइनीत सगळेच नाव घालायचे. बाबांनी बढती झाल्यावर इतवारीच्या बाजारात बसून ठोकून आणलेली अक्षरं: वामन कोहळे, पोलीस लाइन, नागपूर. हिरामणनं डबा दोन्ही हातांनी घेतला, घोंगडीत गुंडाळला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. सकाळपासून गल्लीबोळांतून आरोळ्या, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" लोक वर्षभराची रोगराई, महागाई, शेजाऱ्याची नजर, सगळं त्या पुतळ्याच्या माथी मारून गावाबाहेर पोचवतात आणि मोकळे होतात. संध्याकाळी आम्ही मुलं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा फिरवून परत आलो तेव्हा आमच्या वरांड्यात बाबा पाय सोडून बसले होते, लाइनीतले दोघेतिघे गप्पा करत होते, आणि दुसऱ्या ठाण्याचा एक शिपाई हसतमुखानं पायऱ्या चढत होता. त्याच्या हातात आमचा डबा होता. घासून लख्ख केलेला.

"घ्या हवालदारसाहेब, तुमचा माल! कालच्या राती आमच्याकडे एक दुकान फुटलं. आज सकाळी रस्त्यानं हा पारधी चालून राहिला होता, धरला. घोंगडीत डबा सापडला, त्यावर तुमचं नाव. पोलिसाच्याच घरी चोरी करते साला, हिंमत पाहा!"

सगळे हसले. आई चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. मी बाबांकडे पाहिलं. आदल्या रात्री जेवताना आईनं त्यांना सगळं सांगितलं होतं, मी तिथंच बसले होते. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर लाइनीतली माणसं बसली होती. ज्यांना साहेबानं परत पाठवलं त्यांच्यातलाच एक हवालदाराच्या दारातून पुरणपोळ्या घेऊन गेला, हे ऐकून ती आठवडाभर हसली असती. बाबांनी डबा हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं. ठेव थ्या कोपऱ्यात." शिपाई चहा पिऊन गेला.

माणसं उठून गेल्यावर आई म्हणाली, "अवो, तो डबा मी देल्ला न."

"मले ठाऊक हाय."

"मंग बोलले काहून नाई?"

"उद्या जाऊन सांगतो वं. मारबतच्या बंदोबस्तानं पाय गेले माहे. एका रातीत काय होते?"

आईही त्या रात्री गेली नाही, मीही काही म्हटलं नाही. आम्ही जेवलो. उरलेलं पुरण होतं, ते दुधात कालवून खाल्लं.

सकाळी बाबा उठायच्या आधीच आईनं लुगडं बदललं, डबा पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, "चाल." ती आयुष्यात पहिल्यांदा बाबांशिवाय ठाण्यात जात होती. त्या दुसऱ्या ठाण्यातल्या हवालदारानं तिला ओळखलं, खुर्ची दिली. आई बसली नाही. डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊ, हा चोरीचा नाई. मी देल्ला. माह्या हातानं."

त्याला हे खरंच वाटेना. "वहिनी, पारध्याले कोणी डब्यात पुरनपोळी देते का?"

"मी दरवर्षी देतो."

"थे त कोठडीत न वहिनी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "बाहेर कोण देते?"

आई टेबलाशी उभीच राहिली. हवालदार म्हणाला, तुमच्या हवालदारसाहेबांना पाठवा, बाईमाणसाचं यात काम नाही. ती हलली नाही. शेवटी बाबा आले, मागोमाग आमचे फौजदार. आई गेल्याचं कळल्यावर बाबांनी जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या खोलीत आमच्यासमोर, टोपी काखेत धरून, बाबांना म्हणावं लागलं की डबा दिलेला होता आणि ते त्यांना कालही माहीत होतं. त्या फुटलेल्या दुकानाशी हिरामणचा संबंध जोडायला त्या डब्यावाचून काहीच नव्हतं. थोड्या वेळानं त्याला बाहेर आणलं.

त्याचा उजवा हात मनगटापासून सुजून काळानिळा झाला होता आणि बोटं वेगळ्याच दिशेला वळली होती. बाबांनी विचारलं, "कधी झालं हे?"

हिरामण रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "काल दिवसा काई केलं नाई त्यायनं. डबा पाठवला तुमच्या घरी. म्हने हवालदारले इचारू. शिपाई वापस आला अन् म्हनला, हवालदारनं डबा ठेवून घेतला, काई बोलला नाई. म्हणजे चोरीचाच. मंग रातीले..." त्यानं हात थोडा वर केला आणि पुन्हा खाली सोडला.

आई रडायला लागली. तिनं तिथल्या तिथं त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर. तो अवघडला. जाता जाता पायरीवर थांबून तिला म्हणाला, "बाई, यापुढं देनं झालं त पानावर देत जा. भांड्यावर नाव रायते."

त्या हातानं पुन्हा कुऱ्हाड धरली गेली नाही. टालवाल्यानं दुसरा माणूस ठेवला. हिरामणची बायको भंगार वेचू लागली आणि तो तिच्या मागे पोतं धरून चालायचा. आमच्या लाइनीवरून जाताना तो कधी थांबला नाही. फौजदारांनी त्या ठाण्याविरुद्ध वर अर्ज केला. त्याचं काही झालं नाही, त्यांची मात्र बदली झाली. जाण्याआधी ते बाबांना म्हणाले, "कोहळे, मी त्यांना घरी जा म्हणालो. घरी जाऊन त्यांचं काय होईल, हे मी विचारलंच नाही." मी पुढे शाळेत शिकवलं, वर्गात काही हरवलं की सगळ्या नजरा आधी कोणाकडे वळतात ते पस्तीसेक वर्षं पाहिलं, आणि दर वेळी मला त्या कोकणी माणसाचा तो पडलेला चेहरा आठवला. चांगलं वागायला निघालेल्यांच्याही हातून किती अर्धवट राहून जातं. आमच्या हातून तर निम्मंही झालं नव्हतं.

पुढच्या पोळ्याला बाबांनी बंदोबस्तातून रजा मागून घेतली. दुपारीच आईला म्हणाले, "मी बेड्यावर झोपाले जातो. कोणी इचारलं त सांगीन, हे सारे माह्या डोळ्यासमोर होते." आईनं पुरण घातलं, पोळ्या पळसाच्या पानांत बांधल्या, वरून दोरा गुंडाळला. बाबा एका खांद्यावर घोंगडी आणि हातात ते पुडकं घेऊन रुळाकडे निघाले. लाइनीतले लोक पाहत होते. कोणीतरी काहीतरी म्हणालंही. बाबांनी मान वर केली नाही.

सकाळी ते परत आले तेव्हा पुडकं जसंच्या तसं होतं, दोराही सुटला नव्हता. आईनं विचारलं, "खाल्लं नाई त्यायनं?"

"ठेवलं होतं समोर. कोणी हात लावला नाई." बाबा वरांड्याच्या पायरीवर बसले, जिथं हिरामण उभा होता त्याच्या वरच्या पायरीवर. "खाट देल्ली मले. पानी देल्लं. हिरामण बराच वेळ बसला होता जवळ. मी म्हटलं, आता दरवर्षी येत जाईन. पोळ्याच्या राती कोणी तुमाले हात लावनार नाई."

"मंग? काय म्हनला थो?"

बाबा पायातला जोडा काढत राहिले.

"म्हनला, या हवालदार. पन एका रातीत काय होते?"

आई तिथंच उभी राहिली. मग तिनं त्यांच्या हातातून पुडकं घेतलं, आत जाऊन दोरा सोडला आणि त्या पोळ्या आमच्या ताटांत वाढल्या. पोळ्या कडक झाल्या होत्या, पळसाच्या पानाचा वास लागला होता. आम्ही चौघांनी त्या सगळ्या खाल्ल्या. कोणी तूप मागितलं नाही.